सव्वा लाखाला थोडे कमी

सव्वा लाख हा फार सरळ स्वभावाचा आकडा आहे. पन्नासला पन्नासनं गुणा, आलेल्याला पुन्हा पन्नासनं गुणा, की तो तयार. म्हणजे तो घन आहे. पन्नास चिंचोक्यांची एक ओळ, अशा पन्नास ओळींचा एक थर आणि असे पन्नास थर एकावर एक. फोडायला गेलं तर आत फक्त दोन आणि पाच निघतात. तीन वेळा दोन, सहा वेळा पाच, तिसरं कोणी नाही. त्यामुळं दोघांत, चौघांत, पाच जणांत, आठ, दहा, वीस, पंचवीस जणांत तो हसत वाटला जातो, आणि तिघांत किंवा सात जणांत वाटायला बसलं की काही ना काही उरतंच. हे सगळं मी दहावीच्या वर्गाला वर्षानुवर्षं सांगत आले. भूमच्या एका हायस्कूलमध्ये मी गणित शिकवते. मग एका सकाळी मला तीन म्हणजे किती हेच कळेना.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकती सुरू झाली होती. आरशासमोर उभी राहून मी पदराला पिन लावत होते, आणि उजव्या हातातली पिन खाली पडली. उचलायला वाकले तर हात पिनेकडं जाईना. मी हाक मारली. तोंडातून जे काही निघालं ते ऐकून सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी, स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आल्या. नवऱ्याचं जळालेल्या मोटरी भरून द्यायचं दुकान घराला लागूनच आहे. त्यानं हातातली तांब्याची तार तशीच टाकली आणि मला गाडीत घालून बार्शीला नेलं. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. वेळेत आणलंत म्हणून वाचल्या, असं तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

बोलणं काही दिवसांत परत आलं. पायही सुधारला. उजवा हात आळशी झाला, पण होता. सगळे सुटकेचा श्वास सोडत होते, तेव्हा डॉक्टरबाईंनी माझा हात हातात घेऊन विचारलं, "मॅडम, अनामिका दाखवा बरं." मी हाताकडं बघत राहिले. पाच बोटं होती, सगळी माझीच होती, आणि त्यातलं एकही मला ओळखू येईना. मग त्यांनी विचारलं, "सात मोठा की चार?" मला वाटलं, ही काय चेष्टा आहे. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. "सातचा पाढा येतो का?" तो मात्र घडाघडा आला. सात एके सात, सात दुणे चौदा, कुठं अडखळले नाही. पण सात म्हणजे किती भाकरी, हे कोणी ताटात घालून विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पाढा गळ्यात राहिला होता, आकडे निघून गेले होते.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. मेंदूत बोटांची ओळख आणि आकड्यांची ओळख शेजारी शेजारी राहते म्हणे, आणि मार नेमका तिथंच बसलाय. काहींचं परत येतं, काहींचं येत नाही. "कधी?" मी विचारलं. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. असं उत्तर कोणी उत्तरपत्रिकेत लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं. अर्थात तेव्हा मला शून्यही देता आलं नसतं.

घरी आल्यावर मुख्याध्यापक भेटायला आले. भला माणूस. चहा घेतला, केळी ठेवली, आणि पंख्याकडं बघत बोलले. "मॅडम, यंदाच्या दहावीचं आम्ही बघतो. जूनपासून मात्र कायमची व्यवस्था करावी लागेल. तुम्ही ग्रंथालय सांभाळा. मोकळं काम आहे, दगदग न्हाय."

"जूनला मी दहावीवर येणार," मी म्हणाले.

त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. आजारी माणसाशी बोलताना लोक त्याच्या शेजारच्याकडं बघतात, ह्याचा मला तेव्हापासून मनस्वी राग आहे. मी पुन्हा तेच म्हणाले, जरा मोठ्यानं.

"बरं," ते म्हणाले. "वर्ग तुमच्यासाठी ठेवतो. माझं म्हणणं एवढंच, पोरांचं वर्षाचं नुकसान व्हायला नको. तुमची तुम्हाला खात्री पटली की मला सांगा. तुम्ही सांगाल ते मी मानीन."

त्यांनी परीक्षा घेतली असती तर बरं झालं असतं. त्यांनी परीक्षा माझ्यावरच सोडली, आणि मी परीक्षक म्हणून किती खडूस आहे हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे.

त्याच आठवड्यात गल्लीतल्या बायका माझ्यासाठी जमल्या. आमच्याकडं कोणी फार आजारी पडलं की एक छोटी दुआ सव्वा लाख वेळा पढायची रीत आहे. एकटीनं ते होत नाही, म्हणून बायका गोल करून बसतात. मध्ये चिंचोक्यांचा ढीग. एकदा पढलं की एक चिंचोका इकडून तिकडं. आमच्या गल्लीची चिंचोक्यांची थैली खालांकडं असते. खाला माझ्या नात्यातल्या नाहीत, त्या अख्ख्या गल्लीच्या खाला आहेत. जाड पांढऱ्या कापडाची ती थैली त्यांच्या आईनं पाच हजार चिंचोके मोजून शिवली होती. थैली पंचवीस वेळा सरली की सव्वा लाख झाले, असा हिशोब ठरलेला. आणि ती थैली पुन्हा कोणी मोजायची नाही, हेही ठरलेलं. मोजलं की बरकत जाते.

मी आतल्या खोलीत पडून ऐकत होते. बायकांची पुटपुट आणि चिंचोके पडल्याचा बारीक आवाज, कितीतरी दुपारी चाललं होतं. त्या सगळ्या माझ्यासाठी घरची कामं टाकून बसल्या होत्या, आणि मला भरून येत होतं. पण त्याहून जास्त मला चीड येत होती. सव्वा लाख. ह्या आकड्याला मी आतून बाहेरून ओळखत होते. त्याचे मूळ अवयव, त्याचा घन, सगळं. आता तो शब्द कानावर पडत होता आणि नुसता शब्दच होता. शेवटच्या दिवशी खालांनी आत येऊन माझ्या डोक्यावर फुंकर मारली आणि म्हणाल्या, "हो गया पूरा. अब तू फिकर नक्को कर." मुलीच्या बाळंतपणासाठी त्यांना परंड्याला जायची घाई होती. थैली आमच्याकडंच राहिली.

आमच्या घरातलं बोलणं असं दखनी वळणाचं. लिहिताना मी ते बरंचसं मराठीत आणलंय, जिथं जमलं नाही तिथं तसंच ठेवलंय.

बार्शीच्या डॉक्टरबाईंनी उजव्या हाताला व्यायाम सांगितला होता. छोटी वस्तू बोटांत धरून जागेपणी सतत फिरवत राहायची. अम्मींनी थैलीची गाठ सोडून एक चिंचोका काढला आणि माझ्या मुठीत दिला. "ले. घुमाती रह." तो पडायचा, मी उचलायची. कॉटखाली जायचा, अम्मी केरसुणीनं बाहेर काढायच्या. पुढं पुढं तो पडेनासा झाला.

बोटं मला अम्मींनीच परत दिली. त्या तस्बीहचे मणी वापरत नाहीत, बोटांच्या पेरांवर मोजतात. एका दुपारी माझा हात मांडीवर घेऊन त्यांनी करंगळीचं खालचं पेर दाबलं आणि म्हणाल्या, "ये एक." मग मधलं, मग वरचं. करंगळी झाली की अनामिका. मला ते पेर कुठल्या बोटाचं हे कळायचं नाही, त्या दाबायच्या तेवढं दुखायचं. त्यांनी चिकाटी सोडली नाही आणि मी तर मुळातच हट्टी. माहेरी मला खेचर म्हणायचे. मकरसंक्रांत झाली, कडब्याच्या गाड्या रस्त्यानं जायला लागल्या, आणि एक दिवस अम्मींनी दाबायच्या आधीच मी म्हणाले, "हे अनामिकेचं मधलं." अम्मींनी माझ्याकडं बघितलं आणि पुढचं पेर दाबलं.

चार बोटांची तीन तीन पेरं आणि अंगठ्याची दोन. एका हाताची चौदा. दोन्ही हातांची अठ्ठावीस. बोटं आली आणि त्यांच्या मागोमाग, अगदी डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तसे, आकडे यायला लागले. आधी लहान आले. तीन म्हणजे किती, हे मला चुलीजवळ मांडलेल्या तीन वाट्यांकडं बघून एकदम कळलं, आणि मी त्या वाट्यांना कोणाला हात लावू देईना. नवरा म्हणाला, "आता आमटी ओंजळीत वाढणार का?" तो थट्टा करायचा म्हणून माझं डोकं ठिकाणावर राहिलं. बाकीचे लोक माझ्याशी बोलताना आवाज लहान करायचे.

मग मी सव्वा लाखाच्या मागं लागले. हाच का, असं नवऱ्यानं विचारलं. कारण तो माझ्यासाठी पढला गेला होता, आणि मला तो समजून घेतल्याशिवाय चैन पडणार नव्हती. मी दोनापासून सुरुवात केली. अर्धा केला, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा. पंधरा हजार सहाशे पंचवीस. आता अर्धा होईना. मग पाचनं. प्रत्येक भागाकाराला मला पूर्वी श्वास घेण्याएवढा वेळ लागायचा, आता अख्खी दुपार जायची. चुकायचं, खोडायचं, पुन्हा मांडायचं. डोकं दुखायला लागलं की अम्मी पाटी काढून घ्यायच्या. त्या गेल्या की मी पुन्हा मागायची.

मूळ अवयव हातात आले तेव्हा मी विभाजक काढायला घेतले. म्हणजे सव्वा लाखाला बाकी न ठेवता भागणाऱ्या सगळ्या संख्या. दोन हा तीन वेळा आहे, तर तो न घेण्यापासून तिन्ही घेण्यापर्यंत चार रीती. पाच हा सहा वेळा आहे, तर सात रीती. चार साती अठ्ठावीस. मी पाटीवरचा अठ्ठावीस बघितला आणि मग माझ्या हातांकडं बघितलं. जेवढे विभाजक तेवढीच पेरं.

मी ती पेरांवर बसवली. लहान चौदा डाव्या हातावर: एक, दोन, चार, पाच, आठ, दहा, वीस, पंचवीस, चाळीस, पन्नास, शंभर, सव्वाशे, दोनशे, अडीचशे. मोठे चौदा उजव्या हातावर, उलट्या क्रमानं, सव्वा लाखापासून पाचशेपर्यंत. आणि दोन्ही तळवे एकमेकांना लावले. पेराला पेर चिकटलं. एकाला सव्वा लाख, दोनाला साडेबासष्ट हजार, चाराला सव्वाएकतीस हजार, असं करत अडीचशेला पाचशे. कुठल्याही जोडीचा गुणाकार करा, उत्तर सव्वा लाखच. चौदाच्या चौदा जोड्या. हे मी शाळेत शिकवलं होतं, विभाजक जोडीनं येतात म्हणून. स्वतःच्या हातांत ते कधी धरलं नव्हतं. मी रडले. इतके महिने रडले नव्हते, त्या दिवशी मनसोक्त रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा म्हणाला, "आता सरांना फोन कर."

मी फोन उचलला आणि ठेवला. मला शंका आली होती. सव्वा लाखाचे विभाजक मला आधीपासून येत होते. पाढे जसे गळ्यात राहिले होते तसे हेही कुठं तरी राहिले असतील, आणि मी ते नुसते उकरून काढले असतील. पाठ असलेलं परत आलं की समजलेलं परत आलं, हे कसं ओळखायचं? वर्गात असं एक तरी लेकरू असतंच. सगळं धडाधडा सांगतं, आणि आकडे बदलून दिले की टकामका बघतं. ते मी असले तर? मला असं काहीतरी मोजायला हवं होतं ज्याचं उत्तर मला माहीत नाही.

कोपऱ्यात खुंटीला खालांची थैली होती.

अम्मींना म्हणाले, मला ही मोजायची आहे. त्या दचकल्याच. "नक्को गे. गिननेसे बरकत जाती."

"गेली तर माझी जाईल. पण मोजता आलं नाही तर मी जूनमध्ये कुठल्या तोंडानं वर्गावर जाऊ?"

अम्मींनी पलंगाखालची सतरंजी काढली, माझ्यासमोर अंथरली, आणि डोक्यावरची ओढणी सारखी करत बाहेर निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "मैं कुछ नै देखी."

पन्नासची एक ओळ, मग दुसरी. सुरुवात मुठीतल्या चिंचोक्यापासून करायची, मग थैलीतले. मला वाटलं होतं, पाच हजार भरतील आणि मी फोन करीन. पहिल्यांदा काहीतरी भलतंच आलं. दुसऱ्यांदा त्याहून भलतं. मधूनच एखादी ओळ किती धरली हेच विसरायचं, आणि मग सगळं मोडून पहिल्यापासून. घामानं डोळे चुरचुरायचे. बाहेर उन्हाळा कडक होत चालला होता, गल्लीत दुपारी कुत्रंसुद्धा फिरत नव्हतं. मी सतरंजी सोडली नाही. शेवटी एकदा सत्त्याण्णव ओळी आणि वर तेरा आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. तिसऱ्यांदाही तेवढेच. चार हजार आठशे त्रेसष्ट.

पाच हजारांना एकशे सदतीस कमी.

एकशे सदतीस ही मूळ संख्या आहे, हे माझ्या लगेच लक्षात आलं आणि मी सुखावले. दोन, तीन, पाच, सात, अकरा, कोणीच तिला भागत नाही. मग त्याचा अर्थ लक्षात आला आणि सुख पळालं. थैली पंचवीस वेळा फिरली होती. म्हणजे माझ्यासाठी सव्वा लाख झालेच नव्हते. तीन हजार चारशे पंचवीस कमी पडले होते. एवढ्या वर्षांत पोरांनी भाजून खाल्ले असतील, कुठं सांडले असतील, उंदरानं नेले असतील. मोजायचं नाही म्हटल्यावर कोणाला कळणार?

किंवा थैली पूर्ण होती, आणि मला अजून मोजता येत नव्हतं. दोनच शक्यता होत्या, आणि माझी जूनची शाळा त्या दोहोंच्या मध्ये अडकली होती.

खाला परंड्याहून परत आल्या त्या थैली न्यायलाच. मी गप्प बसू शकले असते. अम्मी डोळ्यांनी मला तेच सांगत होत्या. पण गप्प बसणं मला जमलं असतं तर माहेरी खेचर हे नाव पडलं नसतं. मी म्हणाले, "खाला, थैली कमी आहे. एकशे सदतीस कमी आहेत."

खालांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "तू गिनी?"

"हौ."

"मेरी अम्मीने गिनके सिलाई थी. आजतक किसीने उसकू गिननेकू हाथ नै लगाया." त्यांचा आवाज चढला. "जिसकू अपनी उंगली नै समजती थी, वो मेरी थैली गिनी?"

हे लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. मी मूठ घट्ट आवळली आणि म्हणाले, "तुम्हीच मोजा मग. तुमचा आकडा आला की मला सांगा. मी मानीन." मुख्याध्यापकांचंच वाक्य माझ्या तोंडून निघालं. खालांनी थैली उचलली आणि सलाम न करता गेल्या.

मधले दिवस वाईट गेले. गल्लीत कुजबुज झाली. जिच्यासाठी पढलं तीच खोट काढते, असं कोणीतरी अम्मींना नळावर सुनावलं. मुख्याध्यापकांचा फोन आला, वेळापत्रक करायचं होतं. "मॅडम, काय ठरवलं?" मी म्हणाले, "दोन दिवस द्या, सर." दोन दिवसांनी काय होणार होतं, मला माहीत नव्हतं. खाला मोजतीलच याची खात्री नव्हती. पण त्यांच्या गच्चीवर दुपारी चादर अंथरलेली दिसते, असं नवऱ्यानं येऊन सांगितलं, आणि माझं जेवण गेलं.

दोन दिवसांनी खाला आल्या. बरोबर दोन्ही सुना आणि थैली. दारातच उभ्या राहून त्यांनी विचारलं, "कितने बोली थी तू?"

"चार हजार आठशे त्रेसष्ट."

"बासष्ट," खाला म्हणाल्या. "तीनों मिलके गिने. दो बार गिने. बासष्ट." मग त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "कम तो है. तू सच बोली. मेरेकू नै पता था."

नवऱ्यानं टाळीच वाजवली. "एवढ्या ढिगात एकाचा फरक! मी मोटर भरताना एवढ्या तारेत दोन वेढे जास्त घालतो, तरी ती पाणी ओढते. पास!" अम्मी खालांना बसायला सांगत होत्या, एक सून माझ्याकडं बघून हसत होती. सगळ्यांना हलकं वाटलं होतं.

मला नाही. एकानं चुकणं म्हणजे चुकणंच. दहावीच्या पेपरात एकानं चुकलेल्या उत्तराला मी कधी टाळी वाजवली नव्हती. आणि मी तीनदा मोजले होते. तीनदा एकच चूक करणारं डोकं घेऊन वर्गावर उभं राहायचं? मी ग्रंथालय बघते असं सरांना सांगायचं, हे मनात ठरून गेलं. तोंडानं बोलायचं तेवढं बाकी होतं. मी शब्द जुळवत होते आणि उजव्या हाताची बोटं सवयीनं फिरत होती.

बोटं थांबली. मी मोजायला सुरुवात कुठून करत होते?

"खाला," मी म्हणाले आणि मूठ उघडली. इतके महिने फिरून फिरून तो चिंचोका काळाभोर आणि गुळगुळीत झाला होता. "मी ह्याच्यापासून मोजत होते. हा थैलीतलाच आहे. अम्मींनी काढून दिला होता."

अम्मींनी तोंडाला ओढणी लावली. खालांनी माझ्या तळव्यावरचा चिंचोका उचलला, उजेडाकडं धरून बघितला, आणि थैलीची गाठ सोडून आत टाकला.

"त्रेसष्ट," त्या म्हणाल्या.

मी तिथूनच, सगळ्यांच्या समोर, मुख्याध्यापकांना फोन लावला. "सर, वेळापत्रकात दहावीचं गणित माझ्या नावावर टाका." ते काहीतरी विचारत होते. मी म्हणाले, "खात्री आहे," आणि ठेवला.

चिंचेच्या दिवसांत फोडलेल्या चिंचेचे चिंचोके गल्लीत घरोघरी पडलेलेच होते. खालांनी त्यातून एकशे सदतीस निवडून, आमच्या ओसरीवर बसून, माझ्याकडून मोजून घेतले. बरकतीचं नावही काढलं नाही. मग म्हणाल्या, "तेरा पूरा करना है. अधूरा नै रखते." पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर बायका पुन्हा आमच्याकडं जमल्या. नळावर सुनावणारीही आली होती. सतरंजीवर गोल झाला, मी आतल्या खोलीच्या दारात टेकून उभी राहिले.

खालांनी थैली मध्ये ठेवली आणि वर बघितलं. आतापर्यंत कोणी किती पढायचं हे खालाच अंदाजानं सांगायच्या.

"बोल गे," त्या मला म्हणाल्या. "हर एककू कितने?"

मी गोलावर नजर फिरवली. चोवीस जणी. तीन हजार चारशे पंचवीस भागिले चोवीस. मी मनातच भागाकार केला, पाटी लागली नाही.

"चोविसांत जात नाहीत," मी म्हणाले. "सतरा उरतात."

"फिर?"

मी उंबरा ओलांडून बाहेर आले. नळावरच्या बाईनं सरकून जागा केली, आणि मी तिच्या शेजारी मांडी घालून बसले.

"आता जातात," मी म्हणाले. "प्रत्येकीला एकशे सदतीस."